अंगठ्याखालचं नाव

आमच्या आमदारांना खुर्चीवर बसता येत नव्हतं. बसले की दोन मिनिटांत पाय वर घेऊन मांडी घालायचे. निवडून आल्यावर कुणीतरी हौसेनं त्यांच्या ओसरीत वेताची खुर्ची आणून ठेवली होती. एकदा तहसीलदार आलेला असताना ती त्यांच्यासकट कलंडली. उठले, लाल पटका सारखा केला आणि खुर्चीलाच म्हणाले, "तुला माजी सवय न्हाई आन् मला तुजी." मग घोंगडी अंथरून खाली बसले. आमदार खाली म्हटल्यावर तहसीलदाराला वर बसता येईना. तोही बसला. त्याची विजार तंग होती. पुढचं सगळं बोलणं त्यानं एका कुल्ल्यावर केलं.

परवा केडगावला माझ्या नातवाच्या घरी मतं मागायला चारजण आले. चहा प्याले आणि त्यातला एक मला म्हणाला, "आजी, आपला समाज कुठला म्हणायचा?" मी म्हटलं, "आधी अर्ज वाच, नाव मागून." त्याला काही कळलं नाही. नातू त्यांना म्हणाला, आजीचं वय झालंय. वय झालंय ते खरं, पण डोकं जागेवर आहे. ज्या माणसाकडून मी ते वाक्य शिकले त्याला आता कुणी ओळखत नाही, म्हणून लिहिते. मी चौथी शिकले आहे. तेवढ्यात जमेल तेवढं लिहीन.

सगळे त्यांना आबा म्हणायचे. जातीनं धनगर. स्वतःची मेंढरं होती आणि आमदार झाल्यावरही ती त्यांनी विकली नाहीत. शेवगावच्या बाजूचा आमचा कोरडा मुलूख. तिथं दोन मोठी बागायतदार घरं होती आणि दोघांनाही आमदारकी हवी होती. एकाला तिकीट दिलं तर दुसरा त्याला पाडणार हे पक्षाला कळत होतं. म्हणून त्यांनी तिसरा माणूस शोधला. धनगरांची मतं बरीच, माणूस गरीब, सही करता येते, भाषण करत नाही. दोन्ही घरांना वाटलं, हा आपल्या खिशात राहील. राहिलाही असता. पण आबांना एक खोड लागली, आणि तिच्यात मी सापडले.

मी ख्रिस्ती. आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. माझे आजी-आजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. त्याआधी आम्ही कोण होतो ते गावाला पाठ होतं, त्यामुळे ख्रिस्ती झाल्यावरही वस्ती ओढ्यापलीकडेच राहिली. मी आबांच्या घरी अंगण झाडायला आणि शेण काढायला जायचे. चुलीपाशी मला मज्जाव होता. त्यांची आई तशी वाईट नव्हती, मला जुनी लुगडी द्यायची, पण लांबून टाकायची.

आबांची नजर मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. सभेत उभे राहिले की एका नजरेत माणसं मोजायचे. आणि नुसती मोजायचे नाहीत, वेगळी करायचे. "दीडशे हायेत. त्यातली आमची चाळीस, पाटलांची सत्तर, धा-बारा वंजारी, बाकी वड्यापल्याडची." पटका बांधण्यावरून, बसण्यावरून, कोण कुणाच्या शेजारी नाही त्यावरून. कळपात दुसऱ्याचं मेंढरू घुसलं की मेंढक्याला ते लगेच दिसतं म्हणे. तीच नजर. लोक ओसरीत फार वेळ बसून राहिले की आबा जिभेनं टाळूवर आवाज काढायचे, मेंढरं उठवताना काढतात तसा. गंमत अशी की लोक उठायचे! एकदा तर पोलीस पाटील अर्धं वाक्य तोंडात ठेवून उठला आणि फाटकापर्यंत गेल्यावर त्याला कळलं की आपल्याला कुणी जा म्हटलंच नाही.

आबांना वाचन अडखळत यायचं. अर्ज वाचायचं काम त्यांच्या धाकट्या भावाकडे होतं. भाऊ हुशार. आधी नाव मोठ्यानं वाचायचा आणि मग एकतर हसायचा, नाहीतर तोंड वाकडं करायचा. अर्ज तिथंच निकालात. पुढचं वाचायची वेळच यायची नाही.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. टँकर एकच. एका सकाळी दोन माणसं एकदम आली. एक धनगरवाडीचा, एक वडारांच्या पालांवरचा. भावानं पहिलं नाव वाचलं, हसला, आबा म्हणाले, "पाठवा." वडाराचं नाव वाचलं, तोंड वाकडं केलं, आबा म्हणाले, "म्होरल्या आठवड्यात बगू." तीन दिवसांनी आबा स्वतः टँकरवर बसून गेले. धनगरवाडीच्या विहिरीत चांगलं कमरेएवढं पाणी! टँकरच्या पाण्यानं बायका घोंगड्या धुवत होत्या. परत येताना ओढ्याच्या वाळूत वडारांच्या बायका खड्डा करून करवंटीनं पाणी उपसत बसल्या होत्या. आबांनी टँकर थांबवला. एक म्हातारी उठली, रिकाम्या टँकरकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमदार, तुमच्या मान्सांच्या घोंगड्या लई सोच्छ निगाल्या आसत्याल न्हाई?"

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. मी शेणाची पाटी घेऊन चालले होते, तर ओसरीतून हाक आली.

"ए, तुला वाचता येतं न्हवं?"

"येतं."

"कितवी?"

"चौथी. पास."

"मग हात धू. आजपास्नं अर्ज तू वाचायचं. पर नाव वाचायचं न्हाई. गाव बी न्हाई. नावावर अंगठा ठिवायचा. मी सही केल्यावर काढायचा."

भाऊ तिथंच होता. ताडकन उठला. "हिला? वड्यापल्याडच्या बाईला? आबा, येड लागलं का तुमास्नी? घरात मी आसताना?"

"तू नाव वाचतूस."

"मग काय वाचू? अर्ज कुनाचा हाय ते कळाया नगं?"

"न्हाई कळाया पायजे. नाव आयकलं की माजं डोस्कं गल्ली हुडकत जातं. अर्ज ऱ्हातो हितंच." मग माझ्याकडे बोट केलं. "आन् हिचं हितं कोनी न्हाई. म्हनून ही."

ही काही स्तुती नव्हती. मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण हात धुऊन आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. ओसरीत नाही, पायरीवर. तेव्हापासून आबा मला मास्तरीण म्हणायला लागले, आणि गाव मला आमदारीण म्हणायला लागलं. दोन्ही चेष्टाच.

मग काय मजा सुरू झाली! "नाव झाक, मास्तरीण. आदी अर्ज वाच, नाव मागनं," असं आबा म्हणायचे, डोळे मिटून तंबाखू मळायचे, आणि मी वाचायचे. आठ दिवसांत सगळ्या तालुक्यात बातमी. लोक कमी नाहीत. नाव झाकतात म्हटल्यावर ते नाव अर्जाच्या पोटात घालायला लागले. एकानं एका कागदात पाच वेळा लिहिलं, "मी, अमुक पाटलांचा सख्खा भाचा, असे विनंती करतो की." मी पाचही वेळा "मी, हूं, असे विनंती करतो की" वाचलं. काहीजण ओसरीबाहेर उभे राहून मोठ्यानं खोकायचे, आबांना ओळखू यावं म्हणून. एकजण तर भिंतीपलीकडून ओरडला, "आबा, तुमच्या मावळणीच्या नणंदेचा दीर आलाय!" आबांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मला म्हणाले, "वाच, वाच." आता कानात बोटं घातल्यावर मी वाचून काय उपयोग? पण मी वाचलं.

एका मोठ्या घरचा मुलगा यायचा, त्याच्या अंगाला अत्तर. त्याचा कागद मी उघडला की आबा नाक वर करायचे. "ह्याचं नाव झाकून काय उपेग न्हाई. वास आला. त्याला म्हनावं, उद्या आंघूळ न करता ये."

मुंबईहून विधानसभा करून आले की ते आधी मेंढरांत जायचे, मग घरात. एकदा मी विचारलं, "आबा, कसं आसतं तिथं?"

"हितल्यावानीच. जेवायच्या खोलीत गेलं तर उसवाले उसवाल्यांसंगं, कापूसवाले कापूसवाल्यांसंगं. त्यातबी आडनाव बगून खुर्ची सरकवत्यात. मेंढरांचा मी येकटा. मेंढरांस्नी रान बंद केलं त्यावर मी बोलाया उटलो तर समद्यांनी चहा मागिवला."

"मग?"

"मग काय? उसाच्या पान्याला हात वर करायची येळ आली तवा समदे माज्या हाताकडं बगाया लागले."

"केला वर?"

"केला की. पक्षाचा हाय त्यो हात. माजा कुटं हाय?" मग मुलासारखे हसले. "पर एकदा जरा उशिरानं केला. चार मान्सांस्नी घाम फुटला. लई मजा आली बग."

असे होते. शूर नव्हते. त्यांना शूर करून सांगणारे लोक नंतर भेटले, ते त्यांच्या ओसरीत कधी बसलेले नव्हते.

आता विहिरीचं सांगते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. तहसीलदार आला आणि म्हणाला, पिण्याच्या पाण्याची सरकारी विहीर मंजूर आहे, पण आसपासच्या सगळ्या वस्त्यांत मिळून एक. जागा आमदारांनी सुचवावी. माझ्या कानावर हे पडलं तेव्हा माझ्या हातात खराटा होता. तो तिथंच राहिला.

आमच्या वस्तीला पाणी नव्हतं म्हणजे किती नव्हतं ते सांगते. गावच्या विहिरीवर आम्हाला कड्याला उभं राहू देत नसत. कुणी वरून ओतलं तर मिळायचं, आणि दुष्काळात कोण ओतणार? आम्ही दोन कोसांवरच्या झऱ्याला जायचो. जाऊन-येऊन चार कोस, डोक्यावर दोन घागरी. माझी सासू त्या वाटेवर पडली आणि कमरेतून गेली. ती माझ्याशी कधी धड वागली नाही, मीही तिच्याशी नाही, पण आता तिच्या वाट्याचं पाणीही माझ्याच डोक्यावर आलं. शिवाय मला तेव्हा सहावा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. सुईण म्हणाली, "हे ऱ्हायला पायजे आसंल तर घागर खाली ठिव." घागर खाली ठेवली तर प्यायचं काय, ते तिला सांगता येईना.

म्हणून मी अर्ज केला. वाचणारीनंच अर्ज करायचा ही लबाडी होती, मला माहीत होतं. आणि त्यापुढची लबाडी त्याहून मोठी. आबांचं काळीज कुठं आहे ते मला वर्षभरात कळलं होतं. आमच्या वस्तीवरच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून मी मास्तरांना मजकूर सांगितला, कारण माझं अक्षर भावानं ओळखलं असतं.

मास्तर लिहिता लिहिता थांबले. "यात मेंढरं कुठून आली?"

"लिवा तुमी."

"अगं, आपल्या वस्तीवर अकरा शेळ्या आहेत. मेंढरू एक नाही."

"शेळ्यांनी आबांस्नी काय होत न्हाई."

"देवाला काय सांगशील?"

"देवाला तहान लागत न्हाई, मास्तर. लिवा."

त्यांनी लिहिलं. शेवटचं वाक्य मी स्वतः रचलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता: "नुकतीच जन्मलेली कोकरे पाण्यावाचून तळमळत असून कोरड्या कुंडीत तोंड घालून प्राण सोडत आहेत." मास्तरांनी डोळे पुसले. मेंढरं नाहीत हे माहीत असून पुसले! मला वाटलं, काम झालं.

होळीच्या आधी एका सोमवारी आबा अर्ज ऐकायला बसले. ओसरी भरलेली. भाऊ, धनगरवाडीचे चार पंच, पाटलांचा कारभारी, तहसीलचा कारकून. माझ्या मांडीवर तीन कागद. अंगठा नावावरून सरकेल अशी भीती, म्हणून तो घट्ट दाबून धरला.

पहिला पाटलांच्या मळ्याकडचा. छान छापील भाषा. आबा म्हणाले, "लई गुळगुळीत. म्होरं."

दुसरा धनगरवाडीचा. त्यांनी मात्र प्रामाणिकपणा केला होता. नाव झाकायचा नियम आबांचाच, तर आपण तरी पाळू, म्हणून मेंढरांचा उल्लेखसुद्धा नव्हता. चार ओळी: आमची विहीर आटत आली आहे, चैत्रापर्यंत पुरेल, पुढे हाल आहेत, विहीर मिळावी. मी वाचत असताना पंच माना खाली घालून बसले होते. मला त्यांची लाज वाटली. म्हणजे माझी वाटली.

तिसरा माझा. मी वाचायला लागले. दोन कोस, घागरी, कमरेतून गेलेली बाई. आबांचे डोळे मिटलेले, हात तंबाखू मळतायत. मग कोकरं आली. तंबाखू थांबली. डोळे उघडले.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"कोकरं," आबा म्हणाले. "नुकतीच जल्मल्याली?"

"व्हय. तसंच लिवलंय."

"पान्यावाचून तळमळत्यात?"

"तळमळत्यात, आबा."

त्यांना जोराचा खोकला आला. पटक्याचं टोक तोंडाला लावून कितीतरी वेळ खोकत होते. मला वाटलं, रडू लपवतायत. मग त्यांनी हात पुढे केला, कागद मांडीवर घेतला आणि सही केली. त्यांची सही म्हणजे एकेक अक्षर नांगरल्यासारखं.

"काढ अंगठा."

मी अंगठा काढला. कारकुनानं वस्तीचं नाव वाचलं. आणि अहो, काय गोंधळ! पंच उभे राहिले, कारभारी हसायला लागला, भावानं कागदावर झडप घातली. आबांनी कागद घोंगडीखाली सारला आणि वर बसले.

"आबा, ती वड्यापल्याडची वस्ती हाय! आपल्या लोकांनी तुमास्नी निवडून दिलं आन् हीर त्यांस्नी? फाडा त्यो कागद!" भाऊ ओरडला.

"सही झाली."

"अर्ज लबाड हाय! मेंढरं कुटं हायेत त्यांच्यात? एक तरी दावा!" आणि माझ्याकडे पाहिलं. तो हुशार होता, मी आधीच सांगितलं. "हिनं वाचलाय. हिलाच ठावं."

सगळी ओसरी माझ्याकडे वळली. मी पायरीवर बसलेली, पोट पुढे, उठून पळता येत नाही. आबा म्हणाले, "मेंढरं हायेत का न्हाई ते मी जाऊन बगीन." आणि जिभेनं टाळूवर आवाज काढला. सवयीनं सगळे उठले.

मी घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं, आबा मेंढरं बघायला येणार. तो म्हणाला, "मग आता शेळ्यांची कानं कापून मेंढरं करू का मी?" मी कबूल करायला गेले नाही. खोटं सांगत नाही, मनात आलंसुद्धा नाही. विहिरीचं काम सुरू होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, एवढंच ठरवलं. नियम गेला खड्ड्यात, आबांची आमदारकी गेली खड्ड्यात. माझ्या पोटात सहावा महिना होता.

धनगरवाडीनं आबांच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. त्यांच्या आईनं ताट वाढायचं आणि बोलायचं नाही असं चालवलं. पंच रोज येऊन अंगणात बसायचे आणि एकच म्हणायचे, "तहसीलदाराला चिट्टी लिवा, जागा बदला." पक्षाच्या माणसानंही निरोप पाठवला की स्वतःच्या जातीला दुखवून कुणी पुन्हा निवडून येत नाही. ते खरंच झालं. पुढच्या खेपेला तिकीट दुसऱ्याच धनगराला मिळालं, तो खुर्चीवर नीट बसायचा. आबांनी चिठ्ठी लिहिली नाही. मेंढरं बघायलाही आले नाहीत. रोज सकाळी मी अर्ज वाचायला जायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, कोकरांचं नाव निघत नव्हतं. माझी झोप उडाली होती.

विहीर आमच्याच लोकांनी खणली. चौथ्या पुरुषावर, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढं खाली गेल्यावर, काळा खडक लागला आणि सगळे खाली बसले. सुरुंग लावले. पाचव्या पुरुषावर, चैत्र संपता संपता, एका दुपारी सुरुंग उडाला आणि धुरातून माझ्या नवऱ्याची बोंब आली, "पाय भिजले! पाय भिजले!" आम्ही बायका काठावर पालथ्या पडून बघत होतो, मी सोडून, मला पालथं पडता येत नव्हतं. खाली चमकत होतं. कुणी रडलं नाही. मारामारी मात्र झाली, पहिली घागर कुणी ओढायची त्यावरून. ती मी ओढली. गरोदर बाईला कुणी हात लावत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या गावाकडच्या बाजूनं धूळ उठली. मेंढरं! दोनशे तरी असतील, जिभा बाहेर आलेल्या. पुढे आबा, खांद्यावर काठी, काठीवर घोंगडी. मागे भाऊ, मान खाली. त्यामागे पंच. धनगरवाडीची विहीर आटली होती, त्यांनी अर्जात लिहिलं होतं तेव्हाच.

आमची माणसं विहिरीच्या काठाला उभी राहिली. नवरा म्हणाला, "ह्यांनी आमाला कदी कड्याला हुबं केलंय का? जाऊ द्या म्हागारी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी दगडसुद्धा उचलला.

आबा थांबले. नवऱ्याशी बोलले नाहीत, पंचांशी नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीण, तुमच्या अर्जात मेंढरं लिवल्याली हायेत. ही घे, आली. अर्ज लबाड ठरू नये."

मी वस्तीकडे पाहिलं. मास्तर व्हरांड्यात उभे होते, ते आकाशाकडे बघायला लागले. मी नवऱ्याला म्हटलं, "कुंडी भर."

"आगं पर..."

"भर म्हंते न्हवं!"

त्यानं भरली. मेंढरं एकमेकांवर चढून पाण्यावर पडली. धनगरवाडीची माणसं मात्र लांब उभी राहिली. कुणाच्या विहिरीचं पाणी ते मेंढरांना कळत नाही. भाऊ नंतर प्याला की नाही ते मी पाहिलं नाही, कारण तेवढ्यात आबांनी घोंगडीची खोळ उघडली आणि तिच्यातून एक कोकरू काढलं. तीन-चार दिवसांचं, पाय काड्यांसारखे. ते त्यांनी कुंडीच्या काठावर, अगदी पाण्यापाशी, उभं केलं.

"बग."

मी बघितलं. कोकरानं पाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मान वळवून आबांच्या धोतराला ढुशा द्यायला लागलं.

"पितंय का?" आबा म्हणाले. "पंदरा-इस दीस झाल्याबिगर कोकरू पान्याला त्वांड लावत न्हाई, मास्तरीण. आईचं दूद पितं. मेंढक्याच्या घरचं दोन वर्साचं पोर बी सांगंल."

म्हणजे तो खोकला खोकला नव्हता.

"तवाच कळलं तुमास्नी?"

"तवाच."

"मग धनगरवाडीचा अर्ज कुटला ते बी कळलं आसंल."

"कळलं की. ज्यानं मेंढराचं नाव काडलं न्हाई त्योच मेंढक्या. आमच्या पंचांबिगर इतकं कोरडं कोन लिवतं?" कोकरू उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. "अंगठा तुजा कागदावर हुता. माज्या डोस्क्यावर न्हवता. त्येला समदं दिसत हुतं."

"आन् तरी सही केली?"

"दोन कोस खरं हुतं का लबाड?"

"खरं."

"मग?"

एवढंच. पुढे काही बोलायच्या आत एक मेंढी कुंडीत पडली आणि आबा ओरडत तिकडे धावले. नवरा, भाऊ आणि ते, तिघं मिळून तिला ओढत होते आणि तिघंही एकमेकांना शिव्या देत होते. मी कोकरू पोटाशी धरून उभी. ते ढुशा देत होतं, शोधत होतं, आणि मग त्याला माझा अंगठा सापडला, वर्षभर ज्यानं तालुक्याची नावं झाकली तो. त्यानं तो तोंडात घेतला आणि जोर लावून चोखायला लागलं. दूध येत नव्हतं तरी सोडेना. आतून माझं पोर लाथा मारत होतं, आणि मी मोठ्यानं ओरडून सांगत होते, "अवो आबा, ह्येची आई कोनती? आदी ह्येची आई हुडका!"